नाशिक परिसरात कुत्र्याला पट्टा सोडून कुठे खेळवावे : कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये कुत्रा पाळणारी कुटुंबे वाढली, तसा त्याला मनसोक्त धावायला जागा कुठे मिळेल, हा प्रश्नही वाढला. आम्ही काही कुटुंबे रविवारी सकाळी मखमलाबादच्या बाजूला एका कुंपण घातलेल्या मळ्यात मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन जमतो. तेथे येऊ इच्छिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पट्टा सोडून खेळवण्याची जागा म्हणजे नेमके काय? कोणतेही मोकळे मैदान चालत नाही का?

चालत नाही. मैदान मोकळे असणे वेगळे आणि ते कुत्र्यासाठी सुरक्षित असणे वेगळे. आमच्या मते जागेला तीन गोष्टी हव्यात : चारही बाजूंनी सलग कुंपण, जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची स्पष्ट परवानगी, आणि ज्या वेळी तेथे दुसऱ्या कोणाचा हक्काचा वावर नसतो अशी ठरलेली वेळ. यांपैकी एक जरी नसली, तरी पट्टा हातातून सोडू नये.

परदेशात अशी स्वतंत्र उद्याने बरीच जुनी आहेत. अमेरिकेतील बर्कली शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी उद्यान हे पहिल्यांपैकी एक मानले जाते. आपल्या देशात हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे केवळ कुत्र्यांसाठी उद्यान उघडले. मोठ्या आणि लहान कुत्र्यांसाठी वेगळी आवारे ठेवण्याची पद्धत अशा उद्यानांतूनच रुळली, आणि खासगी मळ्यातही ती पाळण्याजोगी आहे (प्रश्न १३ पाहावा).

२. महापालिकेच्या उद्यानात किंवा जॉगिंग ट्रॅकवर पहाटे कोणी नसताना कुत्र्याला सोडले तर काय हरकत आहे?

हरकत अशी की, पहाटे तेथे कोणी नसते हा आपला समज असतो. कृषीनगर किंवा इंदिरानगरच्या ट्रॅकवर, तसेच गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, उजाडण्यापूर्वीपासून ज्येष्ठ नागरिक चालायला येतात. अंधारात मागून धावत आलेल्या कुत्र्याने नुसते हुंगले, तरी सत्तरीतल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. प्रवेशद्वारावरची पाटी वाचावी, पाटी नसेल तर तेथील कर्मचाऱ्याला विचारावे, आणि कुत्र्याला प्रवेश असल्याचे सांगितले गेले तरी तो पट्ट्यासह आहे असेच समजावे.

३. मग नाशिकमध्ये योग्य जागा शोधायची कशी?

मोबाइलवरच्या नकाशात ‘डॉग पार्क’ असे शोधल्यास जी नावे येतात, त्यांत कुत्र्यांना मुक्कामाला ठेवणारी बोर्डिंग, केस कापणारी दुकाने आणि प्रशिक्षणाची ठिकाणेच बहुधा जास्त असतात. म्हणून नकाशा हा आरंभ समजावा आणि पुढचे काम फोनवर व प्रत्यक्ष भेटीत करावे.

सर्वांत भरवशाची माहिती आपल्या पशुवैद्यकांकडे असते, कारण कोणत्या आवारातून आलेल्या कुत्र्यांना गोचीड फार लागले आहेत आणि कोठे चावाचावी झाली आहे, हे त्यांच्या टेबलावरच कळते. त्यानंतर बोर्डिंगवाल्यांना विचारावे. शहराबाहेर ज्यांची आवारे आहेत, त्यांच्याकडे दिवसाच्या मधल्या वेळेत जागा रिकामी असते, आणि तासाच्या हिशेबाने ती मिळेल का, असे विचारण्यात संकोच करू नये.

तिसरा मार्ग खास नाशिकचा आहे. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, गोवर्धन, म्हसरूळ या बाजूंना भिंतीचे कंपाउंड घातलेले पण अद्याप बांधकाम न झालेले प्लॉट बरेच आहेत, आणि ज्यांचा मळा आहे असा एक तरी नातेवाईक किंवा सहकारी बहुतेक घरांना असतो. अशा मालकाला ‘कुत्रा सोडायला जागा द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘रविवारी सात ते नऊ आम्ही चार कुटुंबे येऊ, फाटक लावून घेऊ, जाताना साफ करून जाऊ’ असे सांगितले, तर होकार लवकर मिळतो. आम्हाला आमचा मळा असाच मिळाला. पहिल्या महिन्यात मालक स्वतः येऊन बांधावर बसत. पुढे त्यांनी फाटकाची एक किल्लीच आमच्या हाती दिली.

शाळेचे मैदान सुट्टीच्या दिवशी मागणाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा. मात्र सोमवारी त्याच मातीत मुले खेळणार असतात, म्हणून स्वच्छतेची हमी देता येणार नसेल तर अशी जागा मागूच नये.

४. जागा पाहायला गेल्यावर काय काय तपासावे?

कुत्रा न नेता एकदा एकट्याने जावे आणि कुंपणाच्या कडेने संपूर्ण फेरी मारावी. नजर वर नव्हे, खाली ठेवावी. मोठ्या कुत्र्यासाठी जाळी पाच फूट उंच हवी हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कुत्री उडी मारून जितकी पळतात, त्यापेक्षा जास्त खालून निसटतात. आमची तांबू ही गावठी कुत्री एका आवारातून अशीच बाहेर गेली होती. फाटकाच्या खाली पावसाच्या पाण्याने माती वाहून जाऊन वीतभर खळगा पडला होता. आम्ही सर्व जण चहा ओतून घेण्यात गुंतलो होतो. तिने पंजाने दोनदा माती ओढली, पोट जमिनीला टेकवले आणि ती पलीकडच्या रस्त्यावर उभी राहिली. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. तेव्हापासून जाळीखालच्या फटीत मूठ शिरते का, हे मी हाताने तपासते, आणि शिरत असेल तर तेथे दगड रचल्याशिवाय पट्टा सोडत नाही.

फाटक दुहेरी असेल तर उत्तम, म्हणजे एक लावून मगच दुसरे उघडता येते. एकेरी असेल तर आत-बाहेर करताना दाराशी एका मोठ्या माणसाला उभे करावे. तारेचे काटेरी कुंपण टाळावे, कारण वेगाने धावणाऱ्या कुत्र्याला तार दिसत नाही. आवारात उघडी विहीर, शेततळे, विजेची मोटर, कीटकनाशकांचे डबे, उंदरांसाठी ठेवलेले विष, फुटलेल्या बाटल्या आणि खताचा ढीग आहे का, ते पाहावे. शेततळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यातील प्लास्टिकचा कागद इतका गुळगुळीत असतो की पोहता येणारे कुत्रेही बाहेर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेल्या माणसाचीही तीच गत होते. शेततळ्याला स्वतंत्र कुंपण नसेल, तर बाकी सर्व चांगले असले तरी ती जागा मुलांच्या आणि कुत्र्यांच्या कामाची नाही.

५. मालकाची तोंडी परवानगी पुरेशी आहे का?

ओळखीत ती पुरते. तरीही दिवस, वेळ, किती कुत्री आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, एवढे चार मुद्दे मोबाइलवर संदेश पाठवून मालकाकडून ‘ठीक आहे’ असे उत्तर घेऊन ठेवावे. जमीन वाट्याने करायला दिलेली असेल, तर ती प्रत्यक्ष कसणाऱ्या कुटुंबालाही विचारावे. त्यांच्या कोंबड्या आणि शेळ्या तेथे असतात.

६. गंगापूर धरणाच्या काठी खूप मोकळी जागा आहे. तेथे सोडता येईल का?

तेथील गवताळ काठ पाहून मोह होतो हे खरे, पण तेथे कुंपण नाही. हिवाळ्यात काठावर स्थलांतरित पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागे धावणारे कुत्रे हाकेला दाद देत नाही. पाणी ओसरल्यावर जो गाळ उघडा पडतो, तो वरून वाळलेला आणि आत मऊ असतो. त्यात कुत्रे रुतते आणि त्याच्या मागे मूल जाते. शिवाय हे धरण नाशिककरांच्या पिण्याच्या पाण्याचे आहे. दहा मीटरची लांब दोरी लावून काठापासून दूर फिरवावे, इतकेच आम्ही सुचवतो.

देवळालीच्या बाजूला जे विस्तीर्ण माळ दिसतात, त्यांबद्दलही विचारणा होते. तेथे तोफखान्याच्या सरावाची क्षेत्रे आहेत. लष्करी हद्दीच्या पाट्यांपलीकडे पट्ट्यासहसुद्धा जाऊ नये.

७. ओळखीच्यांची द्राक्षबाग आहे आणि तिला पक्के कुंपणही आहे. ती चालेल का?

नाही, आणि याबाबत आम्ही अपवाद करत नाही. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील हे आधी सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याला थोडीच पुरतात. खाल्ल्यानंतर पहिल्या दिवसात उलट्या, सुस्ती आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसतात, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. तोपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. द्राक्ष खाल्ल्याचे दिसताच, कुत्रे टुणटुणीत असले तरी, पशुवैद्यकांकडे न्यावे, कारण पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवून बरेचसे बाहेर काढता येते. बेदाण्यात पाणी कमी असल्याने तेवढ्याच वजनात धोका अधिक असतो.

‘हंगाम संपल्यावर चालेल ना?’ असेही विचारतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे (कोंब) फुटण्यासाठी वेलीच्या काड्यांना जी पेस्ट लावतात, तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असते आणि ते विषारी आहे. त्यानंतर माल निघेपर्यंत फवारण्या चालूच राहतात. काढणीच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते एप्रिल, वेलीखाली गळलेले मणी पडलेले असतात, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुन्हा औषधे सुरू होतात. नाशिकमध्ये मळा पाहताना शेजारी द्राक्षबाग आहे का आणि वारा कोणत्या बाजूने येतो, हेही म्हणूनच पाहावे. शेजारी फवारणीचा ब्लोअर सुरू असेल तर त्या दिवशी परत फिरावे. मुलांना खाऊ म्हणून द्राक्षांचा डबा देऊन मळ्यात आणू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

८. बिबट्याची भीती कितपत खरी आहे?

ती खरी आहे. अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्या सिन्नर-इगतपुरीच्या शेजारी, झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला होता. म्हणजे उसाच्या आडोशाने राहणाऱ्या बिबट्याच्या दृष्टीने मोकळा फिरणारा कुत्रा हे नेहमीचे भक्ष्य आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत तर हा अनुभव गावोगावी आहे आणि नाशिक शहरातही बिबट्या शिरल्याच्या घटना घडल्या आहेत.

त्यामुळे आमची वेळ सूर्य चांगला वर आल्यानंतरची असते आणि संध्याकाळी आम्ही दिवेलागणीच्या बऱ्याच आधी निघतो. उसाला किंवा दाट झाडीच्या ओढ्याला लागून असलेली जागा घेत नाही. परिसरात बिबट्या दिसल्याची वार्ता असेल, तर जागेच्या मालकाकडून ‘आता काही नाही’ असे कळेपर्यंत तेथे जात नाही. लहान मुलांनी अशा जागी मोठ्यांपासून दूर, विशेषतः वाकून किंवा बसून, खेळू नये. कुंपण बिबट्याला अडवत नाही, हे लक्षात ठेवावे.

९. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी, नांदूरमध्यमेश्वर येथे सहकुटुंब जाताना कुत्रा नेता येईल का?

पट्टा सोडण्यासाठी यांपैकी एकही जागा योग्य नाही. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे आणि चामरलेणी हे जैन तीर्थ आहे. तेथे कुत्रा घेऊन जाणे औचित्याला धरून नाही. अंजनेरी २०१७ पासून आणि बोरगड २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य असून महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि तेथील कित्येक पक्षी जमिनीवर किंवा पाणवनस्पतींत अंडी घालतात. कुत्र्याने एकही पक्षी पकडला नाही, तरी त्याच्या वासाने आणि धावण्याने घरटी सोडली जातात. शिवाय पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांत जाऊ शकतात. या सहलींच्या दिवशी कुत्र्याला घरी किंवा शेजाऱ्यांकडे ठेवावे. रामशेजच्या पायथ्याला पट्ट्यासह फिरवायला हरकत नाही.

१०. आमचा कुत्रा पट्टा सोडण्यासाठी तयार आहे, हे कसे ओळखावे?

एकच कसोटी आहे : काहीतरी अधिक आकर्षक समोर असताना तो हाकेसरशी परत येतो का? घरात बिस्किटाचा डबा वाजवल्यावर येणे म्हणजे तयारी नव्हे.

सरावासाठी छातीला बांधायचा हार्नेस आणि दहा मीटरची सुती दोरी घ्यावी. दोरी गळ्यातील पट्ट्याला बांधू नये, कारण वेगात धावून एकदम ताण बसला तर मानेला इजा होते. बोलावण्यासाठी एक शब्द ठरवावा आणि तो घरातील सर्वांनी सारखाच वापरावा. आजोबा ‘इकडे’ म्हणतात, आई ‘ये’ म्हणते आणि मुलगा ‘कम’ म्हणतो, अशा घरातला कुत्रा कोणाचेच ऐकत नाही, आणि त्यात दोष कुत्र्याचा नसतो. तो आला की प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा द्यावा आणि लगेच पुन्हा खेळायला सोडावे. अनेक जण फक्त घरी निघताना बोलावतात. त्यामुळे ‘ये’ म्हणजे खेळ संपला, असे तो शिकतो.

उशिरा आला म्हणून कधीही ओरडू किंवा मारू नये. दहा मिनिटे हाका मारून दमलेल्या माणसाला हे कठीण जाते, हे मी जाणते. परंतु परत आल्यावर मार मिळाला, तर पुढच्या वेळी तो दहा मिनिटांऐवजी अर्धा तास लावील. वेगवेगळ्या दिवशी, इतर कुत्री समोर असताना, दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला येऊ लागला की कुंपणाच्या आत दोरी जमिनीवर सोडून द्यावी, आणि ती तशीच ओढत त्याला काही दिवस खेळू द्यावे. त्यानंतर दोरी काढावी.

११. पिल्लाला कधीपासून आणता येईल? कोणत्या लसी हव्यात?

पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरील एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवडे गेल्याशिवाय इतर कुत्री येतात त्या मातीवर पिल्लाला उतरवू नये, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोपर्यंत कडेवर घेऊन बाहेर बसावे. आवाज आणि वास यांची ओळख तशीही होते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचे लसीकरणाचे पुस्तक पहिल्या दिवशी पाहिले जाते.

१२. आमची मुले चार आणि आठ वर्षांची आहेत. त्यांना आणावे का, आणि आणल्यास त्यांना काय शिकवावे?

आणावे, पण प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस असा हिशेब ठेवावा, आणि तो माणूस कुत्रा सांभाळणारा नसावा. आई किंवा बाबा एकाच वेळी फोन, कुत्रा आणि चार वर्षांचे मूल सांभाळतात तेव्हाच गडबड होते. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात त्याला जमिनीवर सोडू नये. जाळीबाहेर सतरंजीवर बसवावे.

आठ वर्षांच्या मुलांना आम्ही त्यांच्याच खेळातून शिकवतो. कुत्रा अंगावर धावून आला तर ‘स्टॅच्यू’ व्हायचे : जागेवर थांबायचे, हात छातीशी घ्यायचे, नजर स्वतःच्या चपलांकडे ठेवायची आणि ओरडायचे नाही. पळणारे मूल कुत्र्याला खेळाचे आमंत्रण वाटते. थांबलेल्या मुलाला हुंगून तो निघून जातो. रविवारी सुरुवातीची पाच मिनिटे आम्ही कुत्री बांधलेली असतानाच हा खेळ घेतो. एखादी ताई किंवा काका कुत्रा होऊन धावत येतात आणि मुले थिजून उभी राहतात. मागच्या पावसाळ्यानंतर आलेल्या एका मुलीने पहिल्या दोन वेळा किंचाळून आईला मिठी मारली. तिसऱ्या वेळी तिने डोळे घट्ट मिटून घेतले, पण पाय हलवले नाहीत.

याशिवाय हातात खाऊ किंवा चेंडू घेऊन आत जायचे नाही, मालकाला विचारल्याशिवाय कोणत्याही कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जायचे नाही. कुत्र्याने मान वळवली, ओठ चाटले किंवा शेपूट पोटाखाली घेतली, तर त्याला नको आहे असे समजायचे. मुलाला कुत्र्यांची मुळातच भीती वाटत असेल, तर ‘घाबरू नकोस, हात लाव’ असा आग्रह धरू नये. जाळीबाहेरून पाहणे पुरे आहे.

१३. आमचा पॉमेरेनियन लहान आहे. मोठ्या कुत्र्यांबरोबर सोडावा का?

एकाच वेळी नाही. मोठ्या कुत्र्याचा हेतू खेळाचा असला, तरी धावताना त्याच्या एका धडकेने लहान कुत्र्याचे हाड मोडू शकते, आणि किंचाळत पळणारा लहान कुत्रा काही वेळा मोठ्यातील शिकारी वृत्ती जागी करतो. आम्ही पहिला तास दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांना आणि नंतरचा तास मोठ्यांना देतो.

१४. कुत्री माजावर आली आहे, तर काय करावे?

माजाची पहिली खूण दिसल्यापासून निदान तीन आठवडे, आणि रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत, आणू नये. नरांमध्ये जी भांडणे होतात ती त्या दिवसापुरती राहत नाहीत.

१५. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय बदल करावा?

एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि आपला काळा बेसाल्ट व डांबर संध्याकाळी सहानंतरही तापलेले असते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही, तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. पग, शिट्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धाप टाकून अंग पुरेसे थंड करता येत नाही. त्यांना उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर धावू देऊ नये. जीभ गडद लाल होणे, घट्ट लाळ गळणे आणि झोकांड्या जाणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी सावलीत घेऊन साध्या पाण्याने पोट, जांघा आणि तळवे भिजवत राहावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. चमच्याने जबरदस्तीने पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, विशेषतः जनावरे बांधतात त्या मळ्यातील डबक्यांतून, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो माणसांनाही होतो. गवत गुडघ्यापर्यंत वाढले असेल तर ते कापल्याशिवाय जाऊ नये, कारण घोणस, नाग आणि फुरसे याच दिवसांत तेथे असतात. घरी आल्यावर कानांच्या आत, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. ते चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये.

१६. दोन कुत्र्यांचे भांडण लागले किंवा कोणाला चावा बसला, तर काय करावे?

मध्ये हात घालू नये. गळ्यातील पट्टा धरायला गेलेल्या मालकालाच बहुतेक वेळा चावा बसतो. बादलीभर पाणी टाकावे, पत्रा किंवा बादली आपटून मोठा आवाज करावा, किंवा दोघांच्या मध्ये फळी सारावी. आमच्याकडे फाटकाशी दोन भरलेल्या बादल्या आणि एक जुनी प्लायवुडची फळी कायम असते.

माणसाला दात लागला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना किंवा तिखट काहीही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चावणारा कुत्रा ओळखीचा आणि लस घेतलेला आहे म्हणून घरीच थांबू नये. रेबीजची लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. स्नायूत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत लसीच्या मात्रा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, आणि त्वचेत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेला लसीखेरीज इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते, ते विचारून घ्यावे. मुले मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, म्हणून निघताना त्यांचे हातपाय एकदा पाहावेत.

१७. मोकळ्या कुत्र्याने कोणाला इजा केली, तर कायद्याने जबाबदार कोण?

ज्याच्या ताब्यात कुत्रा आहे तो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेण्यात हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी जागेत होतो, ही सबब पुरत नाही. महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी कुत्र्याचा परवाना घ्यावा आणि लसीच्या पुस्तकासह त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे.

१८. सोसायटीच्या मोकळ्या जागेतच सोय करता येणार नाही का? समिती कुत्र्यांना बंदीच घालते.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आशय असा आहे की, सोसायटीने पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये. उद्यानासाठी मात्र वेळा ठरवून घेता येतात. त्याच सूचना मालकांना सार्वजनिक जागी पट्टा वापरण्यास आणि घाण उचलण्यासही सांगतात. म्हणून भांडायला न जाता वेळ मागायला जावे. दुपारी अडीच ते साडेतीन मुले शाळेत असतात आणि आवार रिकामे असते. थंडीच्या दिवसांत ही वेळ उत्तम आहे. समितीसमोर पहिल्या वाक्यात स्वच्छतेची जबाबदारी घ्यावी.

१९. विष्ठेची विल्हेवाट मळ्यात कशी लावावी? ती खतच होते ना?

गाईच्या शेणासारखे हे खत नव्हे. मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात आणि अनवाणी किंवा मातीत खेळणाऱ्या मुलांना बाधतात. वर्तमानपत्राच्या तुकड्याने उचलून पिशवीत बांधून परत आणावी. भाजीच्या वाफ्यात, पाटात किंवा नाल्यात टाकू नये. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे.

२०. कोणत्या दिवसांत मुळीच सोडू नये?

दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि नंतर तुळशीच्या लग्नापर्यंत. एका सुतळी बॉम्बने भेदरलेला शहाणा कुत्राही पाच फुटी जाळी चढून जातो. या दिवसांत पट्टा आणि हार्नेस असे दुहेरी बांधावे आणि गळ्यात मोबाइल क्रमांकाचा बिल्ला ठेवावा. लग्नाच्या वराती आणि गणपती विसर्जन यांनाही हेच लागू आहे. २०२७ च्या सिंहस्थात तपोवन, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर रस्त्याच्या बाजूला प्रचंड वर्दळ असेल. त्या बाजूच्या जागा वापरणाऱ्यांनी पर्याय आतापासून पाहून ठेवावा.

२१. आम्ही रस्त्यावरचा मोठा कुत्रा दत्तक घेतला आहे. तो पूर्वी मोकळाच होता, मग त्याला सोडायला काय हरकत?

त्याला मोकळे फिरण्याची सवय आहे, परत येण्याची नाही. रस्त्यावर जगलेला कुत्रा घाबरला की माणसाकडे न येता आपल्या जुन्या गल्लीकडे निघतो, आणि जाळी कशी ओलांडायची हे त्याला पाळलेल्या कुत्र्यापेक्षा चांगले कळते. तांबूच्या वेळी आमचीही हीच चूक झाली होती (प्रश्न ४ पाहावा). निदान तीन-चार महिने लांब दोरीवर ठेवावे. तो नाव घेतल्यावर वळून पाहू लागला आणि खेळता खेळता आपणहून तुमच्याकडे येऊन बसू लागला, की प्रश्न १० मधील सराव सुरू करावा.

२२. आमच्या कुत्र्याला वयामुळे ऐकू येत नाही. त्याला कधीच सोडता येणार नाही का?

कुंपणाच्या आत येईल. हाकेऐवजी हाताची खूण शिकवावी. हात डोक्यावर उंच नेऊन खाली आणणे ही खूण लांबून स्पष्ट दिसते. त्याची पाठ असेल तेव्हा जवळच्या जमिनीवर पाय आपटावा. हादरा जाणवून तो वळतो आणि मग खूण करता येते. मागून एकदम स्पर्श करू नये, आणि मुलांना हे आधी सांगून ठेवावे. आमच्याकडे येणाऱ्या एका तेरा वर्षांच्या लॅब्राडोरच्या गळ्यात पिवळा रुमाल बांधलेला असतो. तो दिसला की मुले वळसा घालून त्याच्या समोर येतात, त्याला हात दाखवतात आणि मगच त्याच्या शेजारी बसतात.